ताईंनी इंदूरसाठी काय केलं, हे विचारण्याआधी

"ताईंनी तीस वर्षांत इंदूरसाठी केलं काय?" हा सुमित्रा महाजन यांच्याबद्दलचा प्रश्न इंदूरच्या रामबागेत, लोकमान्य नगरात किंवा सुदामा नगरात कुठेही टाकून बघा. एक गट लगेच अभिमानाने सांगतो की आपली मराठी बाई थेट लोकसभेच्या अध्यक्षपदावर जाऊन बसली. दुसरा गट गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराकडे बोट दाखवतो. अभिमान खराच आहे आणि गटारही तुंबलेलंच आहे, पण खासदाराचं काम मोजायला यातलं एकही माप चालत नाही. गटार नगरसेवकाच्या आणि महापालिकेच्या वाट्याला येतं. पाणी, पोलीस आणि जमिनीचे सातबारे (आपल्याकडचे खसरे-खतौनी) राज्याकडे, म्हणजे आमदाराच्या वाटेने जातात. खासदाराकडे येतात ते रेल्वे, विमान, टपाल, पेट्रोलियम, करांचे कायदे असे केंद्राचे विषय, आणि त्यातही त्याच्या हातात निर्णय नसतो, आवाज असतो. तो आवाज कुठे, कधी आणि कसा लावायचा, हीच खासदारकीची खरी विद्या. सुमित्रा महाजन यांची कारकीर्द या नजरेने पाहिली तर बरंच काही उलगडतं.

आधी आकडा समजून घेऊ. 1989, 1991, 1996, 1998, 1999, 2004, 2009 आणि 2014 अशा सलग आठ निवडणुका त्यांनी एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाच्या, भाजपच्या, चिन्हावर जिंकल्या. आठ म्हटलं की माणूस पाचाने गुणतो आणि चाळीस वर्षं सांगून मोकळा होतो. प्रत्यक्षात ती तीसच. कारण 1989 ते 1999 या दहा वर्षांत देशाने पाच वेळा मतदान केलं. नववी लोकसभा सव्वा वर्षात गेली, अकरावी दोन वर्षंही टिकली नाही, बारावी तर तेरा महिन्यांत आटोपली. म्हणजे पहिल्या दशकात प्रचार संपतोय तोवर पुढचा प्रचार उभा, अशी स्थिती होती. अशा वेळी मतदारसंघ टिकवायला दिल्लीतल्या भाषणांपेक्षा गावातली ऊठबस जास्त लागते. लग्नं, बारसी, तेरवी, गणपती, अहिल्योत्सव या सगळ्यांत ताई दिसत. हे सोपं वाटतं, पण तीस वर्षं न कंटाळता करून दाखवा.

जन्म चिपळूणचा, 12 एप्रिल 1943 चा, माहेरचं आडनाव साठे. लग्न होऊन इंदूरला आल्या, इथेच एम.ए. आणि एलएल.बी. केलं. 1982 मध्ये नगरसेविका झाल्या, पुढे उपमहापौर. 1985 मध्ये विधानसभेला उभ्या राहिल्या आणि काँग्रेसच्या महेश जोशी यांच्याकडून हरल्या. ही पायरी लोक विसरतात. आमदारकी हुकलेल्या उमेदवाराला चार वर्षांनी थेट लोकसभेचं तिकीट मिळालं ते समोर दिग्गज होता म्हणून. प्रकाशचंद्र सेठी म्हणजे मध्य प्रदेशचे माजी मुख्यमंत्री, देशाचे माजी गृहमंत्री. त्यांच्यासमोर उभं राहणं म्हणजे हरण्याची जवळजवळ हमीच, असा तेव्हाचा समज. पण 1989 ची हवा वेगळी होती. बोफोर्स गाजत होतं, भाजप देशात 2 जागांवरून 85 वर गेला आणि मध्य प्रदेशात 40 पैकी 27 जागा त्याच्या पदरात पडल्या. महाजन लाखभराहून जास्त मतांनी जिंकल्या. पहिला विजय लाटेचा होता, हे मान्य करायला हरकत नाही. लाटेवर आलेले बहुतेक जण पुढच्या लाटेत वाहून जातात. त्या गेल्या नाहीत, आणि खरी बघण्यासारखी गोष्ट तीच आहे.

आता आपल्या लोकांचा एक लाडका समज. "मराठी मतांवर ताई निवडून येतात." इंदूर लोकसभेत आठ विधानसभा क्षेत्रं आहेत: शहरातली एक ते पाच, आणि राऊ, सांवेर, देपालपूर. (महू जिल्ह्याने इंदूरचं, पण लोकसभेला धारमध्ये मोजलं जातं.) 2014 सालीच इथले मतदार वीस लाखांच्या वर होते. त्यात होळकरांच्या काळापासूनची मराठी घरं, नंतर नोकरीधंद्याला आलेले, सगळे धरले तरी आपण अल्पसंख्यच. सांवेर-देपालपूरच्या गावांत तर मराठी कानावरही पडत नाही. एखादा समाज असा खासदार स्वतःच्या बळावर आठ वेळा पाठवू शकत नाही. गणित खरं तर उलटं होतं. कुठल्याही मोठ्या जातीचा शिक्का नसलेली उमेदवार म्हणजे पक्षातल्या कुठल्याच गटाला थेट धोका नाही. वैश्य, ब्राह्मण, सिंधी, पाटीदार, खाती अशा सगळ्यांना त्या "चालत" होत्या. भाजपच्या आतली ताई आणि भाई यांची, म्हणजे महाजन आणि कैलाश विजयवर्गीय यांची, ओढाताण शहरात घरोघरी ठाऊक होती. त्या ओढाताणीतही दिल्लीचं तिकीट ताईंचं आणि शहरातली पकड भाईंची, अशी एक न लिहिलेली वाटणी बरीच वर्षं चालली.

ही पकड अढळ होती, असं मात्र नाही. 2009 मध्ये काँग्रेसच्या सत्यनारायण पटेल यांनी त्यांना घाम फोडला. विजय अवघ्या 11,480 मतांचा. पाच वर्षांनी तेच पटेल समोर आले आणि अंतर झालं 4,66,901. उमेदवार तेच, मतदारसंघ तोच, मधल्या काळात ताई काही चाळीसपट चांगल्या खासदार झाल्या नव्हत्या. 2014 मध्ये लोकांनी मत दिलं ते मोदींना. याचा सरळ अर्थ असा की लोकसभेच्या निवडणुकीत मताधिक्य म्हणजे खासदाराच्या कामाचं प्रगतिपुस्तक नव्हे. 2009 चा आकडाच त्यांच्याबद्दल जास्त सांगतो, कारण लाट नसताना त्या वर्षी स्वतःच्या ओळखीवर किती तरता येतं, ते त्यात दिसतं.

मग खासदाराच्या हातात नक्की काय असतं? पहिली गोष्ट सगळ्यांना माहीत असलेली, खासदार निधी. 1993 मध्ये योजना आली. 2011-12 पासून वर्षाला 5 कोटी रुपये. पैसा खासदाराच्या खात्यात येत नाही, त्याच्या सहीने चेकही फाटत नाही. खासदार फक्त शिफारस करतो: अमुक शाळेला दोन खोल्या, तमुक वस्तीत ट्यूबवेल. ती शिफारस जिल्हाधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या भाषेत कलेक्टर ऑफिसला जाते, तिथे अंदाजपत्रक होतं, मंजुरी मिळते, सरकारी यंत्रणा काम करते आणि शेवटी नावाची पाटी लागते. पाटी मोठी असते, रक्कम तशी नसते. वीस लाख मतदारांत 5 कोटी वाटून बघा, माणशी जेमतेम पंचवीस रुपये येतात. शहराचं नशीब या पैशातून बदलत नाही. त्यातून फार तर ओळखी टिकतात.

दुसरी गोष्ट म्हणजे सभागृहातला आवाज. प्रश्नोत्तराच्या तासाला दिवसाला 20 तारांकित प्रश्न असतात, ज्यांना मंत्री उभं राहून उत्तर देतो. कुणाचा प्रश्न लागणार ते सोडतीवर ठरतं. बाकीच्यांना लेखी उत्तरावर समाधान. शून्य प्रहर (तातडीचे विषय काढायची वेळ), नियम 377 खालची सूचना, रेल्वे बजेटवरची चर्चा (2017 पासून ते बजेटही वेगळं राहिलं नाही), अशा फटीफटींतून मतदारसंघाचा विषय रेटावा लागतो. इंदूरकरांसाठी तो विषय वर्षानुवर्षं रेल्वेच होता: इंदूर-मनमाड, इंदूर-दाहोद, महू-खंडव्याचं रुंदीकरण. महाराष्ट्रात माहेर-सासर असलेल्या प्रत्येक घराला मनमाडची लाईन हवी होती. मुंबईला जाणारी अवंतिका एक्सप्रेस आधी उज्जैन-रतलामला वळसा घालते, तेव्हा नकाशा बघून चीड येणारच. महाजन यांनी मनमाडचा विषय वारंवार लावून धरला. पण एका खासदाराने मागणी करणं आणि रेल्वेने पैसा टाकणं यांच्यामध्ये सर्वेक्षण, परताव्याचा दर, दोन राज्यांची जमीन आणि अर्थ मंत्रालय बसलेलं असतं.

तिसरी गोष्ट म्हणजे समित्या. यावर जरा थांबतो, कारण मराठी वर्तमानपत्रांतही याबद्दल फार कमी छापून येतं. संसदेच्या विभागवार स्थायी समित्या असतात. प्रत्येकीत 31 सदस्य, 21 लोकसभेचे, 10 राज्यसभेचे. इथे टीव्हीचे कॅमेरे नसतात. त्यामुळे आरडाओरडा करून कुणाला फायदा नसतो, आणि वेगवेगळ्या पक्षांची माणसं चक्क कागद वाचतात. पंधराव्या लोकसभेत महाजन ग्रामीण विकासाच्या स्थायी समितीच्या अध्यक्ष होत्या. सप्टेंबर 2011 मध्ये तेव्हाचे मंत्री जयराम रमेश यांनी भूसंपादनाचं नवं विधेयक आणलं. 1894 चा इंग्रजी कायदा बाजूला सारून जमीन घेण्याची पद्धतच बदलणारं हे विधेयक या समितीकडे आलं.

गुंता कुठे होता ते पाहू. सरकार सार्वजनिक कामासाठी जमीन घेतं, हे ठीक. पण खासगी कंपनीच्या कारखान्यासाठीही सरकारनेच आपली सक्ती वापरून शेतकऱ्याची जमीन काढून द्यावी का? मे 2012 च्या अहवालात समितीने सांगितलं की नको. कंपनीला जमीन हवी असेल तर तिने बाजारात जाऊन विकत घ्यावी. दुसरं बोट आणखी अवघड जागी होतं. रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, कोळसा, अणुऊर्जा अशा कामांसाठी जमीन घेणारे वेगळे केंद्रीय कायदे आहेत, आणि विधेयकाने ते यादीत टाकून नव्या मोबदल्यातून सरळ वगळले होते. देशात जमीन तर मुख्यतः याच कामांसाठी जाते! मग नव्या कायद्याचा उपयोग कुणाला? समितीने या सवलतीवर आक्षेप घेतला. सरकारने सगळं ऐकलं नाही. खासगी कंपन्यांसाठीचं संपादन राहिलं, पण 80 टक्के जमीनमालकांच्या संमतीच्या अटीवर. सरकारी-खासगी भागीदारीला 70 टक्के. यादीतल्या कायद्यांनाही वर्षभरात नवा मोबदला लागू करायचा, असं कलम आलं. कायदा 1 जानेवारी 2014 पासून अमलात आला.

लक्षात घ्या, विरोधी पक्षातली एक खासदार समितीच्या अध्यक्षपदावरून सरकारच्या विधेयकाची चिरफाड करते आणि त्यातलं काही पदरात पाडून घेते. माझ्या मते महाजन यांच्या तीस वर्षांतलं हे सर्वांत वजनदार काम. त्या 1999 ते 2004 मध्ये राज्यमंत्री होत्या. आधी मनुष्यबळ विकास, मग दूरसंचार, शेवटी पेट्रोलियम. पण राज्यमंत्री म्हणजे कॅबिनेट मंत्र्याने दिलेल्या फायलींपुरता राजा. त्या काळावर फार शाई खर्च करायची गरज नाही.

6 जून 2014 ला त्यांची लोकसभेच्या अध्यक्षपदी बिनविरोध निवड झाली. मीरा कुमार यांच्यानंतर दुसऱ्या महिला. आणि मराठी माणसांत ग. वा. मावळंकर, शिवराज पाटील, मनोहर जोशी यांच्यानंतरचं नाव. मावळंकरांचा जन्म वडोदऱ्याचा. म्हणजे पहिले अध्यक्ष गुजरातेतले मराठी आणि ताई माळव्यातल्या मराठी; महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या लोकांनी याची नोंद ठेवायला हवी, महाराष्ट्रातले ठेवोत न ठेवोत.

अभिमानाच्या भरात एक गोष्ट मात्र कुणी बोललं नाही. अध्यक्ष झालेल्या खासदाराला सभागृहात प्रश्न विचारता येत नाही, चर्चेत भाग घेता येत नाही, शून्य प्रहरात आपल्या गावाचा विषय काढता येत नाही. मतदानही फक्त दोन्ही बाजू समसमान झाल्या तरच. पाच वर्षं इंदूरचा खासदार देशातल्या सर्वांत उंच खुर्चीवर होता आणि लोकसभेत इंदूरच्या नावाने उभं राहून बोलणारं कुणी नव्हतं. उरतो तो मागचा दरवाजा: मंत्र्याला पत्र, अधिकाऱ्यांची बैठक. अध्यक्षांचा फोन कुणी टाळत नाही, हे खरं. पण तो कागदावर येत नाही, म्हणून त्याचा हिशेब मागताही येत नाही आणि श्रेयही देता येत नाही.

या खुर्चीचं खरं वजन दुसरीकडे असतं. 2014 मध्ये काँग्रेसला 44 जागा मिळाल्या. विरोधी पक्षनेतेपद द्यायचं की नाही, हे ठरवण्याचा अधिकार अध्यक्षांचा. सभागृहाच्या दहावा हिस्सा जागा हव्यात, म्हणजे 55, हा मावळंकरांच्या काळापासूनचा संकेत. विरोधी पक्षनेत्यांच्या वेतनाच्या 1977 च्या कायद्यात मात्र सर्वांत मोठा आणि अध्यक्षांनी मान्यता दिलेला विरोधी पक्ष एवढंच म्हटलं आहे, आकडा नाही. महाजन यांनी संकेत धरला आणि पद दिलं नाही. कायद्याच्या भाषेत दोन्ही बाजूंना जागा होती. ऑगस्ट 2015 मध्ये फलक घेऊन गोंधळ घालणाऱ्या काँग्रेसच्या 25 सदस्यांना त्यांनी पाच दिवसांसाठी निलंबित केलं. मार्च 2016 मध्ये आधार विधेयक धनविधेयक, म्हणजे फक्त कर आणि सरकारी पैशाबद्दलचं विधेयक, म्हणून आलं. कुठलं विधेयक धनविधेयक, यावर घटनेच्या 110 व्या कलमानुसार अध्यक्षांचा शब्द शेवटचा. आणि धनविधेयक ठरलं की राज्यसभेला ते अडवता येत नाही. सरकारचं राज्यसभेत बहुमत नव्हतं, त्यामुळे त्या एका शिक्क्याचं महत्त्व लक्षात येईल. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ते ग्राह्य धरलं. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी वेगळ्या निकालपत्रात ही घटनेशी फसवणूक असल्याचं म्हटलं.

मार्च 2018 चा प्रसंग तर नियम समजून घ्यायला उत्तम. तेलुगू देसम आणि वायएसआर काँग्रेसने सरकारवर अविश्वास ठरावाची नोटीस दिली. ठराव दाखल व्हायला 50 सदस्यांनी आपापल्या जागी उभं राहायचं असतं आणि अध्यक्षांनी डोकी मोजायची असतात. पण रोज दुसऱ्याच पक्षांचे सदस्य फलक घेऊन अध्यक्षांच्या आसनासमोर जमत. कुणी कावेरीसाठी, कुणी आरक्षणासाठी. कोण ठरावाच्या बाजूने उभं आणि कोण घोषणा द्यायला उभं, हे कसं ओळखायचं? सभागृह शांत नाही, मोजता येत नाही, कामकाज तहकूब. दिवसामागून दिवस हेच, आणि 6 एप्रिलला अधिवेशन संपलं. जुलैमध्ये अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी तोच विषय दाखल करून घेतला गेला, 20 जुलैला मतदान झालं आणि ठराव 325 विरुद्ध 126 असा पडला. सरकार पडणार नव्हतंच. मग मार्चमध्ये एवढी टाळाटाळ कशाला, असं मला तेव्हाही वाटलं होतं. गोंधळ घालणाऱ्यांना आवरण्याचे अधिकार त्याच खुर्चीला आहेत, हे 2015 मध्ये दिसलं होतं. आपल्या पद्धतीत अध्यक्ष पक्षाचा सदस्य राहतो आणि पुढचं तिकीट त्याला पक्षाकडूनच घ्यायचं असतं. व्यक्ती कितीही सरळ असो, ही रचनाच खुर्चीला एका बाजूला झुकवते.

आणि तिकिटाचंच बघा. 2019 मध्ये इंदूरची उमेदवारी पक्षाने लटकवून ठेवली. पंचाहत्तरीपुढच्यांना उमेदवारी न देण्याची चर्चा होती आणि ताई त्या आठवड्यात 76 पूर्ण करणार होत्या. 5 एप्रिलला त्यांनी पत्र काढून आपण लढणार नाही, पक्षाने संकोच न करता निर्णय घ्यावा, असं कळवलं. शंकर लालवानी उभे राहिले आणि साडेपाच लाखांच्या आसपास मतांनी निवडून आले, ताईंच्या सर्वांत मोठ्या मताधिक्यापेक्षाही जास्त. ज्यांना वाटत होतं की ताईंशिवाय इंदूर हलेल, त्यांना उत्तर मिळालं. 2024 मध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने ऐन वेळी अर्जच मागे घेतला आणि भाजपमध्ये गेला. तेव्हा याची गरज नव्हती, असं जाहीरपणे म्हणणाऱ्यांत महाजन होत्या. ‘नोटा’ला, म्हणजे ‘वरीलपैकी कुणीही नाही’ या पर्यायाला, 2,18,674 मतं पडली.

राहिली मनमाडची लाईन. ताई सभागृहातून बाहेर पडल्यानंतर पाच वर्षांनी, 2 सप्टेंबर 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली: 309 किलोमीटर, 18,036 कोटी रुपये, 30 नवी स्थानकं, धार, खरगोन, बडवानी करत धुळे-मालेगावमार्गे मनमाड. श्रेयासाठी अर्थातच रांग लागली. सेंधव्याच्या बाजूच्या ज्या शेतकऱ्याची जमीन या मार्गात जाणार, त्याला रेल्वे कायद्याखाली नोटीस येईल. पण मोबदला आणि पुनर्वसन मात्र 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या तरतुदींनी ठरेल, कारण 2015 पासून त्या रेल्वेलाही लागू आहेत. म्हणजे विधेयकाच्या ज्या यादीवर ताईंच्या समितीने आक्षेप घेतला होता, त्याच यादीत रेल्वे होती.